सातबाऱ्यावर तिचं नाव : फोन कधी, एआय कधी, तलाठी कधी

एआयकडून लिहून आणलेला अर्ज आता लांबूनच ओळखू येतो. भाषा गुळगुळीत, मधे एखादा शासन निर्णय क्रमांक-तारखेसकट, शेवटी ‘आपला विश्वासू’. अर्ज बाईचा, पण ‘विनंती करतो’. आणि मागणीच चुकलेली. नवरा हयात असताना वारस नोंद मागितलेली, नाहीतर वडील वारल्यावर लक्ष्मी मुक्ती, म्हणजे हयात नवऱ्याने राजीखुशीने बायकोचं नाव लावायची सोय, मागितलेली. अर्ज परत येतो. गावात मात्र बोभाटा होऊन बसतो की ही जमिनीत नाव लावायला गेली होती. दुसऱ्यांदा कचेरीची पायरी चढायची हिंमत मग सहजी होत नाही.

बचत गटातल्या बायकांबरोबर हे काम करताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. अर्ज लिहिणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, आणि ते जवळजवळ शेवटी येतं. एआयचा खरा उपयोग त्याच्या आधी आहे: उतारा उलगडून घ्यायला, सही मागितलेला कागद ऐकून घ्यायला आणि कचेरीत काय बोलायचं त्याची तालीम करायला. खालचा क्रम मोडू नका. जिच्या नावासाठी हे चाललंय ती स्वतः, तिची शिकलेली मुलगी किंवा गटाची सीआरपीताई (बचत गटांना मदत करणारी गावातली कार्यकर्ती), कोणीही हे करू शकतं.

## टप्पा १ : ओटीपी कोणाच्या फोनवर जातो?

ताई अर्ज भरायला बसते, आधार क्रमांक टाकते, ‘ओटीपी पाठवला आहे’ असं येतं. आणि फोन वाजतो शेतात, नवऱ्याच्या खिशात. दोन मिनिटांत त्याचा फोन: “कसला ओटीपी आला? काय चाललंय तिकडं?” काही घरांत यात काहीच वावगं नसतं. काही घरांत मात्र काम तिथेच संपतं. जमिनीच्या कामाला हात घालण्याआधी म्हणूनच या तीन गोष्टी उरका.

पहिली, आधारला कोणता नंबर जोडलाय ते बघा. ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर मोबाइल नंबर पडताळण्याची सोय आहे. नंबर दुसऱ्याचा किंवा बंद पडलेला निघाला, तर आधार केंद्रात जा. नंबर बदलायला कोणताही कागद लागत नाही, पण बोटांचे ठसे द्यायला तिला स्वतः जावं लागतं.

दुसरी, ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर जाऊन तिच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. वापरात नसलेलं किंवा भलत्याच कोणाकडे असलेलं सिम निघालं, तर तिथूनच तक्रार करता येते.

तिसरी, नाव. आधारवर सासरचं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, रेशनकार्डावर नुसतं ‘लक्ष्मीबाई’, आणि जुन्या फेरफारात, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदीत, चौथंच काहीतरी. एका कोऱ्या कागदावर ही सगळी नावं, कुठल्या कागदावर कोणतं आहे ते लिहून, एकाखाली एक मांडा. पुढे स्वयंघोषणापत्रात ‘या सर्व नावांची व्यक्ती मी एकच’ असं लिहावं लागेल, तेव्हा हाच कागद कामाला येतो.

सावधान. घरात विरोध असेल आणि फोन सामायिक असेल, तर एआयशी झालेलं बोलणं त्याच फोनमध्ये साठून राहतं. तात्पुरत्या चॅटची सोय वापरा, नाहीतर गटातल्या दुसऱ्या ताईच्या फोनवर काम करा. मारहाणीची भीती असेल तर जमिनीचं काम थांबू द्या आणि आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला.

## टप्पा २ : उतारे काढा, तेही सगळे

‘आमची दोन एकर आहे’ ही घरातली माहिती झाली. उताऱ्यावर काय आहे ते वेगळं असू शकतं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबरावरून किंवा नावावरून सातबारा फुकट बघता येतो. गट नंबर माहीत नसेल तर सासऱ्याचं किंवा वडिलांचं नाव टाकून शोधा. नुसतं आडनाव टाकू नका, अर्धं गाव समोर येतं.

सातबारा एका गटाचा, म्हणजे जमिनीच्या एका तुकड्याचा असतो. एकाच माणसाच्या चार गटांत जमिनी असतील तर ते आठ-अ वर, म्हणजे त्याच्या खात्याच्या उताऱ्यावर कळतं, म्हणून आठ-अ आधी काढा आणि त्यावरचा एकेक गट घेऊन त्याचा सातबारा काढा. हमखास होणारी चूक अशी, की विहिरीच्या तुकड्याचा उतारा काढला जातो आणि माळाचा राहून जातो. वारस नोंदीत मग तोच तुकडा सुटतो.

बघण्यासाठीचा उतारा फुकट आहे. कचेरीत जोडायला डिजिटल स्वाक्षरीचा घ्या, तो ऑनलाइन १५ रुपयांना मिळतो. दोन्ही एकदम काढू नका. आधी फुकटचा वाचून घ्या.

तपासा. आठ-अ वर जेवढे गट दिसतात, तेवढेच सातबारे हातात आहेत ना?

## टप्पा ३ : उतारा वाचून घ्या, इथे एआय लागतो

गडबड सगळ्यात जास्त या टप्प्यावर होते, म्हणून इथे सावकाश चला.

सातबाऱ्यावर दोन जागा बघायच्या. एका बाजूला भोगवटादारांची नावं, म्हणजे ज्यांच्या नावावर जमीन आहे ते लोक. दुसऱ्या बाजूला ‘कुळ, खंड व इतर अधिकार’. बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा वगैरे तिथे येतं. आणि जुन्या उताऱ्यांत बहिणींची, विधवा सुनांची नावंही पुष्कळदा तिथेच सापडतात. ‘नाव आहे की तुझं सातबाऱ्यावर’ असं भाऊ म्हणतो तेव्हा ते खोटं नसतं. नाव असतं, पण इतर अधिकारात. भोगवटादारात नाव असणं आणि इतर अधिकारात असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि उतारा हातात असूनही तो वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

उताऱ्याचा स्वच्छ फोटो किंवा पीडीएफ एआयला द्या. जेमिनी, चॅटजीपीटी यांपैकी कोणतंही चालेल, मराठीत बोलता येतं. माइकचं बटण दाबून बोललात तरी चालतं, टाइप करायलाच हवं असं नाही. पण ‘हा सातबारा समजावून सांग’ एवढंच म्हणू नका. तेवढ्यावर तो सातबारा म्हणजे काय यावर निबंध लिहून देतो. असं सांगा:

“हा सातबारा आहे. यात दिसतं तेवढंच सांग, अंदाज करू नकोस. भोगवटादारांची नावं एका यादीत लिही, इतर अधिकारातली नावं दुसऱ्या यादीत. कंसातली किंवा आडवी रेघ मारलेली नावं तिसऱ्या यादीत टाक. प्रत्येक नावासमोर क्षेत्र आणि फेरफार क्रमांक लिही. जे वाचता येत नाही तिथे ‘वाचता आलं नाही’ असं लिही.”

हे एवढं लांबलचक का सांगायचं? कारण एआय इथे ठरलेल्या चुका करतो.

कंसातलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. मयत खातेदार, विकून मोकळा झालेला माणूस, फिटलेला बोजा. एआय ते टोपणनाव समजतो किंवा हयात मालकांत धरतो. वारलेल्या सासऱ्याला त्याने ‘मुख्य मालक’ केल्याचं मी पाहिलं आहे.

क्षेत्र ०.८१.०० असं लिहिलेलं असतं. ते हेक्टर, आर, चौरस मीटर असतं. म्हणजे ८१ आर, साधारण दोन एकर. एआय कधीकधी त्याचे पाऊण-एक एकर करून टाकतो. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, हे डोक्यात ठेवलं की चूक लगेच पकडता येते.

‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावामागे हा शेरा असेल तर जमीन एकट्या त्याची नाही. तो कुटुंबाच्या वतीने नोंदलेला आहे, बाकीच्यांची नावं त्याच्यामागे झाकलेली आहेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा लहान असताना आईचं नाव असं लागतं, आणि तो सज्ञान झाला की अपाक शेरा कमी होऊन आई उताऱ्यावरून निघून जाते. आईला वाटत असतं आपलं नाव लागलेलं आहे. ते तिच्या स्वतःच्या हक्काचं नव्हतंच, मुलाची पालक म्हणून होतं. ही दोन्ही अक्षरं उताऱ्यावर दिसली की तिथे गोल करा.

तपासा. एआयने दिलेली यादी आणि छापील उतारा शेजारी ठेवा. एकेका नावावर बोट ठेवून मोजा. उताऱ्यावर सात नावं आणि यादीत सहा असतील तर यादी टाकून द्या, पुन्हा विचारा. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी मुलीने मोठ्याने वाचावं, नाहीतर गुगल लेन्सने मजकूर ऐकवावा, आणि बोट तिने स्वतः फिरवावं.

सावधान. आधार कार्ड, पॅन, बँकेचं पासबुक यांचे फोटो एआयला देऊ नका. उतारा समजायला त्यांची गरज नाही.

## टप्पा ४ : तुमची वाट कोणती?

‘जमिनीत बायकोचं नाव कसं लावायचं’ असं एआयला विचारलं, की तो चार वेगवेगळ्या वाटा एकाच यादीत कालवून देतो. पहिल्या परिच्छेदातले चुकलेले अर्ज तिथूनच येतात. त्याला विचारण्याआधी आपली वाट आपण ठरवायची.

नवरा हयात आहे, जमीन त्याच्या नावावर आहे आणि तो राजी आहे. ही लक्ष्मी मुक्तीची वाट. शेतकरी संघटनेने हा कार्यक्रम गावोगाव नेला, आणि १९९२ मध्ये राज्य सरकारने त्याचा शासन निर्णय काढला. यात अर्ज बायकोने करायचा नसतो. नवऱ्याने स्वखुशीने करायचा असतो, की माझ्या जमिनीला पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावा. बायकोच्या नावाचा अर्ज घेऊन गेलात तर तो फिरून येणारच. तलाठी आणि तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या, कारण बक्षीसपत्र करून आणा असं सांगणारेही भेटतात. बक्षीसपत्र हा वेगळा, नोंदणीचा व्यवहार आहे.

नवरा किंवा वडील वारले आहेत. ही वारस नोंद. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे माणसाच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि आई यांचे वाटे सारखे असतात. म्हणजे मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी आणि म्हातारी आई असेल तर पाच सारखे वाटे. एआयला हिशोब करायला सांगितला की तो मयताच्या आईला हटकून विसरतो. घरातलेही विसरतात, म्हणा.

वडिलोपार्जित जमीन असेल तर हिशोब वेगळा, आणि तो एआयकडून करून घेऊ नका. एक जुनी समजूत मात्र इथेच खोडून काढते. वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असतील तरच मुलीला हक्क, असं बऱ्याच जुन्या लेखांत आहे आणि एआयही कधीकधी तेच उगाळतो. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी ते मोडीत काढलं. मुलीचा हक्क जन्माने आहे, त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेलं वाटप मात्र यामुळे उघडता येत नाही.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. मुस्लिम कुटुंबात वाटे वेगळे पडतात. अनुसूचित जमातींना हा कायदा सरसकट लागू नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तर एआय सगळ्यांना हिंदू धरूनच उत्तर देतो.

नाव आहे, पण इतर अधिकारात आहे किंवा एकुमॅच्या मागे झाकलेलं आहे. इथे अर्जाआधी जुना फेरफार काढावा लागतो. आजचा सातबारा कोणत्या फेरफारामुळे असा झाला तो क्रमांक नावासमोरच असतो. जुने अभिलेख स्कॅन करून ‘आपले अभिलेख’वर ठेवलेले आहेत. तिथे सापडला नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. हस्तलिखित उताऱ्यावर नाव बरोबर होतं आणि संगणकावर चढवताना ते हुकलं असेल, तर महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्ती करू शकतात. फेरफारच तसा झालेला असेल तर काम लेखनदुरुस्तीच्या पलीकडे गेलं, वकील लागेल.

नाव लागलेलं आहे, आता हिस्सा वेगळा हवा आहे. हे वाटप. सगळे राजी असतील तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे, नसतील तर दिवाणी न्यायालयात.

वकील म्हटलं की खर्चाची धास्ती वाटते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० वर फोन करा किंवा तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा.

तपासा. एका वाक्यात सांगता येतंय का? ‘माझे वडील वारले, जमीन त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे, मला वारस नोंद हवी आहे.’ असं वाक्य जमत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ५ : कागद

वारस नोंदीसाठी मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-वयं-पत्ते आणि मयताशी नातं, त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणा, आठ-अ आणि सातबारे, ओळखीचे पुरावे. तलाठी कार्यालय आणखी काही मागू शकतं, आधी जाऊन चिठ्ठीवर लिहून आणा.

वारसांची यादी लिहिताना एकाही वारसाला गाळू नका. भावांनी बहिणींना गाळलं म्हणून रागाने आपणही कोणाला गाळलं, तर प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं आणि गुन्हा आपल्यावर येतो.

## टप्पा ६ : आता अर्ज

एवढं झालं की एआयला अर्ज लिहायला सांगा. पण ‘वारस नोंदीचा अर्ज लिहून दे’ असं नाही. टप्पा ४ मधलं ते एक वाक्य, गावाचं नाव, गट नंबर, जोडलेल्या कागदांची यादी, हे सगळं सांगा आणि वर असं सांगा: “अर्जदार स्त्री आहे. क्रियापदं स्त्रीलिंगी ठेव. एका पानापेक्षा जास्त नको. मी सांगितलेल्या गोष्टींपलीकडे कोणतंही कलम, शासन निर्णय किंवा तारीख घालू नकोस.”

हे शेवटचं वाक्य विसरू नका. मी स्वतः एकदा ते विसरले होते. एआयने एक शासन निर्णय क्रमांक आणि तारखेसकट घालून दिला, दिसायला अगदी खरा. कारकुनाने तो क्रमांक संगणकावर टाकला, काहीच निघालं नाही. “मॅडम, हा जीआर कुठून आणलात?” म्हणाला. माझ्याबरोबर आलेल्या ताईचा चेहरा मला अजून आठवतो. तिच्या खऱ्या मागणीवरही नाहक संशय आला.

अर्ज हातात आला की चार गोष्टी बघा.

‘करतो’, ‘राहतो’, ‘आपला विश्वासू’ आहे का? ‘करते’, ‘राहते’, ‘आपली विश्वासू’ करा. कारकून यावरून अर्ज नाकारणार नाही, पण आपल्याच अर्जात आपण पुरुष होऊन बसलो हे बरं नाही.

बाईची ओळख ‘अमक्याची धर्मपत्नी’ एवढीच दिली आहे का? वडिलांच्या जमिनीवर मुलगी म्हणून हक्क मागत असाल तर माहेरचं पूर्ण नाव आणि ‘मयताची मुलगी’ हे पहिल्या ओळीत हवं. एआय लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या नावानेच ओळखतो आणि मुलीचं नातं तळाशी ढकलतो. वारस नोंदीत नेमकं तेच नातं कामाचं असतं.

‘कृपया मला न्याय मिळवून द्यावा, मी एक गरीब असहाय महिला आहे’ असं काही आलं आहे का? खोडा. आपण नोंद मागतोय.

आणि मागणी एकच आहे का? वारस नोंद, वाटप आणि मोजणी एकाच अर्जात कोंबली तर तिन्ही अडकतात.

## टप्पा ७ : तालीम

हा टप्पा लोक गाळतात, आणि मला तर एआयचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच दिसतो. फोनवर आवाजाने बोलायची सोय चालू करा आणि सांगा: “तू ग्राम महसूल अधिकारी आहेस. मी वारस नोंदीचा अर्ज घेऊन आले आहे. माझ्या अर्जात खोट काढ. एका वेळी एकच प्रश्न विचार.” (ग्राम महसूल अधिकारी म्हणजे तलाठीच, पदाचं नाव बदललंय.) मग उत्तरं द्या, अडखळत का होईना. तीनदा करा.

आमच्या गटातली एक ताई तीन रात्री अशी बोलत बसली होती, सासूला वाटलं भावाशी बोलते आहे. कचेरीत गेल्यावर पहिलाच प्रश्न आला, “भाऊ नाही आले बरोबर? त्यांची सही कुठंय?” तिने सरळ सांगितलं, “वारस नोंदीला भावाची संमती लागत नाही साहेब, नोटीस लागते. ती तुम्ही काढा.” समोरच्याने मान वर करून बघितलं आणि अर्ज घेतला.

तालमीत एआय कायद्याबद्दल जे बोलेल ते खरं धरू नका. तालीम तोंड उघडायची आहे, कायदा टप्पा ४ मध्ये ठरलेला आहे.

## टप्पा ८ : अर्ज देणं आणि पंधरा दिवसांवर डोळा

वारस नोंद, अपाक शेरा कमी करणं, एकुमॅ शेरा कमी करणं, कलम १५५ ची दुरुस्ती यांचे अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीवर घरबसल्या करता येतात. तिथे ‘वारस नोंद’ आणि ‘मयताचे नाव कमी करणे’ असे दोन वेगळे पर्याय दिसतील. दुसरा पर्याय वारसांची नावं आधीच लागलेली असतील तेव्हाचा आहे. घाईत तो निवडला जातो. थांबा, पुन्हा वाचा, मग पुढे जा.

हाताने अर्ज दिलात तर पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख. ‘देऊन टाका, मी बघतो’ ही पोच नव्हे. ऑनलाइन केलात तर अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून गटातल्या एका ताईला पाठवून ठेवा.

त्यानंतर गावदप्तरात फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. आली तर सुनावणी लागते. हे सगळं ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून दिसतं: कोणता फेरफार, कोणत्या गटाचा, कोणत्या टप्प्यावर. फोनमध्ये दर सोमवारी वाजणारी आठवण लावून ठेवा आणि बघत राहा.

हीच चावडी उलट्या बाजूनेही कामाची आहे. माहेरी भावांनी वारस नोंद घातली आणि बहिणीला कळवलंच नाही, असं सर्रास होतं. माहेरचं गाव टाकून बघा. पंधरा दिवसांच्या आत कळलं तर साधी लेखी हरकत पुरते. फेरफार प्रमाणित झाल्यावर कळलं, तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावं लागतं.

## मधेच कधीही : सही मागितली तर

वडिलांचे दिवस होतात न होतात तोच भाऊ कागद घेऊन येतो. “बँकेचं काम आहे, इथं सही कर.” तो कागद हक्कसोडपत्राचा असू शकतो. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं, त्यामुळे ‘तालुक्याला चल, फोटो काढायचा आहे’ असं कोणी म्हणालं की कान टवकारा.

फोटो काढा, एआयला द्या आणि विचारा: “या कागदावर सही केली तर माझं काय जाईल आणि मला काय मिळेल, दोन वाक्यांत सांग. कागदात ‘हक्क सोडला’, ‘मोबदला मिळाला’, ‘तक्रार नाही’ अशा अर्थाचे शब्द कुठे आहेत ते जसेच्या तसे दाखव.” जसेच्या तसे शब्द मागितले की ते कागदावर शोधून खात्री करता येते. फोटो काढू देत नसतील तर तेच उत्तर समजा, आणि सही दुसऱ्या दिवसावर ढकला. मुलाची परीक्षा आहे, अंगात कणकण आहे, काहीही सांगा.

बहिणीने विचार करून, समजून हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. माझा आक्षेप न वाचता केलेल्या सहीला आहे.

## घराचं थोडक्यात

घराची वाट वेगळी. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला असते, आणि घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावायचं हे राज्याचं धोरण आहे. घरपट्टीची पावती घेऊन ग्रामपंचायतीत अर्ज द्या. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथे विषय मांडला तर एकटीने जावं लागत नाही, पंधरा-वीस जणींचे अर्ज एकदम जातात. गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवर कोणाचं नाव आलं आहे तेही बघून घ्या.

## शेवटचा टप्पा : नवा उतारा

फेरफार प्रमाणित झाल्याचा निरोप आला म्हणजे काम झालं असं धरू नका. पुन्हा १५ रुपये भरा, नवा सातबारा काढा आणि टप्पा ३ मधला तोच प्रश्न एआयला विचारा. तिचं नाव भोगवटादारांत आहे का, इतर अधिकारात नाही ना? नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का? आठ-अ वरचा प्रत्येक गट आला का, माळाचा तुकडा सुटला नाही ना? नाव लागणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे, तो वाद उठला तर न्यायालयातच मिटतो. पण पीककर्ज, अनुदान, नुकसानभरपाई या सगळ्याच्या रांगेत उताऱ्यावरचं नाव विचारलं जातं. उतारा छापून घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि एक प्रत घरात न ठेवता गटाच्या पेटीत ठेवा.